कच्च्या वहीतून पक्क्या वहीत

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर मागे पडले आणि वांगणी अद्याप यायची असली, म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यातला जो पट्टा लागतो, ज्यात पावसाळ्यात भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात आणि त्या खाचरांना लागूनच कुंपणे घातलेले भूखंड व अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती दिसू लागल्या आहेत, त्या पट्ट्यात चामटोली हे गाव आहे. अंबरनाथ तालुक्यातले हे गाव उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक झाले ते २७ जुलै २०१९ रोजी. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुराने याच भागात अडवून धरली, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, पोलीस व आसपासचे ग्रामस्थ या सर्वांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. त्या दिवसाची हकीकत वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आली आहे, तिची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. मी या गावी गेलो तो निराळ्याच जिज्ञासेने: माणसे आपण योजलेली कामे, मनाशी ठरविलेले संकल्प आणि अवचित सुचलेले विचार ध्यानात कसे ठेवतात, ते विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून कोणती तजवीज करतात, आणि त्या तजविजीपैकी कोणती टिकते व कोणती कोलमडते, हे पाहावे म्हणून.

याकरिता शहरातल्या एखाद्या मोठ्या कचेरीत जाण्याऐवजी असे गाव निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. येथे एकाच घरात दोन-तीन प्रकारचे काळ नांदत असतात. सासऱ्यांचा काळ नक्षत्रांवर आणि लावणी-कापणीवर चालतो. मुलगा बदलापूर-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो किंवा पहाटेची लोकल धरून मुंबई गाठतो, त्याचा काळ मिनिटांनी मोजला जातो. सून बचत गटाची सभासद असते, तिचा काळ मासिक बैठकीच्या आणि हप्त्याच्या तारखेला बांधलेला असतो. आणि जमिनीचा तुकडा विकण्याची वा वाटणीची गोष्ट निघालेली असली तर तलाठी कार्यालयाच्या मुदती त्या सर्वांच्या वर येऊन बसतात. अशा घरात केवळ स्मरणावर भिस्त ठेवून भागत नाही. तेथे काही ना काही व्यवस्था उभी राहतेच, आणि ती कोणत्याही ग्रंथातून शिकलेली नसल्यामुळे तिच्यात काय अवश्य आहे आणि काय केवळ शोभेचे आहे हे स्पष्ट दिसते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. टिपून ठेवणे हा या व्यवस्थेचा अर्धा आणि सोपा भाग आहे. टिपलेले ठरल्या दिवशी पुन्हा वाचणे, त्यातले काय पुढे न्यायचे, काय दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबवायचे आणि काय निकालात काढायचे हे मुक्रर करणे, आणि जे उरेल ते दुसऱ्यांदा, नीट जागी लिहिणे, हा दुसरा भाग. आणि सारी व्यवस्था जगते ती या दुसऱ्या भागावर. आपल्या पेढ्यांवर कच्ची वही निराळी आणि पक्की वही निराळी असे, रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडल्याखेरीज हिशेब झाला असे कोणी मानीत नसे, ते याचसाठी.

गावातल्या एका स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर, कालनिर्णय टांगलेले पाहिले. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका मराठी घरांतून पंचांगाइतकीच घरचा जमाखर्च म्हणूनही वापरली गेली आहे, ही गोष्ट तिच्याविषयी लिहिताना बहुधा निसटते. या घरातल्या कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरांत काही ना काही लिहिलेले होते. दूध जास्त घेतले त्या दिवशी ‘१॥’, दूध आले नाही त्या दिवशी फुली, म्हणजे खाडा. गॅसचा सिलिंडर लावला त्या तारखेभोवती वर्तुळ. एका चौकटीत ‘मीटर’, दुसरीत नुसते ‘सु. डोस’; आणि एका ठिकाणी शिसपेन्सिलीने लिहून मग पेनाने गिरवलेले ‘कौले / पत्रा — विचारणे’. महिना संपला की खाडे वजा करून दुधाचा हिशेब त्याच पानाच्या कोपऱ्यात मांडलेला. हे सारे अनेक घरांत असते. माझे लक्ष वेधले ते निराळ्या गोष्टीने. खुंटीला चालू वर्षाच्या दिनदर्शिकेमागे गेल्या वर्षाची दिनदर्शिकाही अडकवलेली होती. तिचे काय काम, असे विचारता घरातल्या बाईंनी सांगितले:

“नवीन कालनिर्णय आलं की एक दुपार बसते दादा मी. जुन्यातलं नव्यात उतरवते. वाढदिवस, विम्याचा हप्ता, हे तारखेवर असतं, ते पटकन होतं. पण सासूबाईंची तिथी दरवर्षी पुढंमागं होते ना, ती शोधावी लागते. आणि मग जे राहिलंय ते. राहिलेलं सगळंच नाही उतरवत.”

“मग काय सोडता?”

“जे दोन वर्षं नुसतंच लिहिलंय आणि केलं नाही, ते. एक तर करायचं, नाही तर लिहायचं नाही.”

चांद्रतिथी आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ दरवर्षी निराळा बसत असल्यामुळे श्राद्धाची तिथी यंत्रवत उतरविता येत नाही. बारा पाने चाळावी लागतात. ती चाळताना डोळ्यांखालून सबंध वर्ष जाते, कोणते काम कितव्यांदा लिहिले गेले ते ध्यानात येते, आणि निर्णय करावाच लागतो. पंचांगाच्या या अडचणीमुळे त्या घराच्या कारभारात एक वार्षिक तपासणी आपोआप शिरली आहे. उतरविण्याचे कष्ट वाचविणारी एखादी युक्ती कोणी त्या बाईंना दिली असती तर त्यांचे नुकसानच झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बचत गटाच्या बैठकीत हीच गोष्ट नियम म्हणून दिसते. गटांना जी पंचसूत्री शिकवलेली असते, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे, तिच्यात पैशाविषयीची कलमे तीन असली तरी पहिले कलम बैठकीचे आणि शेवटचे लेख्यांचे आहे. आणि ज्या गटांची पहिली व शेवटची कलमे सांभाळली जातात त्यांची मधली तीन सहसा बिघडत नाहीत. बैठकीचा पहिला विषय कोणता? मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसभा असो, सहकारी संस्था असो, शाळेची व्यवस्थापन समिती असो, सार्वजनिक कारभाराचा हा पहिला विषय आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा अर्थ आपण विसरलो आहोत. नवे काही ठरविण्याचा अधिकार सभेला मिळतो तो मागे काय ठरविले होते ते मोठ्याने वाचल्यानंतर. मी जे इतिवृत्त पाहिले त्यात समासात ‘झाले’, ‘राहिले’, ‘रद्द’ एवढे तीनच शेरे होते, आणि लिहिणारीचे अक्षर सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या मुलीचे असावे तसे होते. वाचन होताना मात्र बाया एकमेकींना थांबवीत होत्या, ‘ते राहिलं नाही, ते आपण सोडलं’, अशी दुरुस्ती सुचवीत होत्या, आणि ‘राहिले’ व ‘सोडले’ यांतला भेद त्यांच्या लेखी मोठा होता. माणूस स्वतःच्या वहीपुढे एकटा बसतो तेव्हा अशी दुरुस्ती सुचविणारे कोणी नसते. आपणच लिहिलेले आपल्यालाच वाचून दाखविण्याचा नेम त्याने स्वतःशी बांधून घ्यावा लागतो.

जमिनीच्या नोंदीत ही द्विविध लेखनाची रीत कायद्याने घालून दिलेली आहे. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा, काहीही घडले की त्याची नोंद एकदम सात-बारावर होत नाही. ती आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, होते. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, गाव नमुना सहा-अ मध्ये, जाते. आणि सर्व ठीक असल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा ती सात-बारावर कायम होते. हाताने लिहिण्याच्या काळात तलाठी प्रलंबित फेरफाराचा उल्लेख सात-बारावर शिसपेन्सिलीने करून ठेवीत आणि प्रमाणित झाल्यावर ती नोंद शाईने करीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा, आणि त्याच्या मागची गाव नमुन्यांची पद्धत त्याहून कितीतरी जुनी. आता ई-फेरफारामुळे ही पेन्सिल गेली, परंतु मधला पंधरवडा राहिला आहे. मला हा पंधरवडा फार शहाणपणाचा वाटतो. उत्साहाच्या भरात केलेला संकल्प आणि आयुष्यावर कायम होणारी नोंद यांच्यामध्ये हरकत घेण्याची मुदत असावी, हे तत्त्व जमिनीपुरतेच राहावे असे काही नाही. वर्षारंभी लिहिलेले संकल्प फाल्गुनापर्यंत निर्माल्य होतात, त्याचे कारण पुष्कळदा निश्चयाची उणीव हे नसून, ते पहिल्याच दिवशी शाईने लिहिलेले असतात, हे असते. घरातल्या दुसऱ्या माणसाची हरकत, प्रकृतीची हरकत, पैशाची हरकत, यांपैकी एकीलाही नोटीस गेलेली नसते.

या द्विविध लेखनाची परंपरा शोधीत मागे जावे तर मराठी राज्याच्या दफ्तरखान्याशी येऊन थांबावे लागते. पुण्याच्या हुजूर दफ्तराचे जे वर्णन इतिहासकारांनी केले आहे त्यात दोन मुख्य भाग सांगितले आहेत. एक ‘चालते दफ्तर’, फडणिसांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालचे, ज्यात दररोजचा कारभार लिहिला जाई. आणि दुसरे ‘एकबेरीज दफ्तर’, कायम पुण्यास असणारे, ज्याच्याकडे सर्व खात्यांचे हिशेब येत, ते वर्गवार लावले जात, आणि त्यांवरून तर्जुमे, ताळेबंद व खतावण्या तयार होत. स्वारी-शिकारीत, मोहिमांच्या धांदलीत, चालते दफ्तर चालतच राही. परंतु त्या धावत्या नोंदींचा अर्थ लागे तो दुसऱ्या दफ्तरात. त्याच काळातील ‘याद’ नावाचा कागदही या दृष्टीने पाहण्यासारखा असतो. विनंतीची कलमे एकाखाली एक लिहून पाठवावयाची, आणि प्रत्येक कलमाला धरून त्याचा निकाल लिहून तोच कागद परत यावयाचा. प्रश्न एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे अशी फारकत होऊ द्यायची नाही, जे मागितले त्याच्याच अंगाला काय झाले ते असावे, ही दृष्टी त्यात आहे. नाना फडणिसांच्या काळापर्यंत हे दफ्तर कडक शिस्तीत राहिले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत कारकून कमी झाले, कागद इतस्ततः गेले, आणि व्यवस्था ढासळली. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा त्यांच्यापुढे जे रुमालच्या रुमाल उलगडले गेले त्यांतून राज्य कसे चालले हे जसे कळते, तसे ते केव्हापासून आपल्याच नोंदी वाचीनासे झाले हेही कळते.

इंग्रजी अंमलातून आणि स्वातंत्र्योत्तर महसूल खात्यातून जी कार्यालयीन पद्धत आपल्याकडे रूढ झाली तिच्यातला एक भाग एकट्या माणसाच्या उपयोगाचा आहे, आणि त्याच्याविषयी सामान्य वाचकाला सहसा काहीच ठाऊक नसते, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. त्याला ‘सहा गठ्ठे पद्धत’ म्हणतात. प्रत्येक लिपिकाच्या टेबलावरचे आणि कपाटातले सर्व कागद सहा गठ्ठ्यांत विभागलेले असले पाहिजेत, सातवा गठ्ठा असता कामा नये, असा तिचा दंडक. पहिला गठ्ठा ज्यांवर आपणच कार्यवाही करावयाची आहे अशा प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा: आपले काम झाले, पत्र गेले, आता उत्तराची वाट आहे. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे ठराविक मुदतीने पाठवावयाच्या विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांच्या संचिकेचा: वारंवार लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रके. पाचवा अभिलेख कक्षात पाठवावयाच्या निकाली प्रकरणांचा. आणि सहावा ‘ड’ वर्गाच्या, नष्ट करावयाच्या कागदांचा. निकाली कागदांनाही वर्ग असतात: ‘अ’ कायमचे ठेवावयाचे, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, आणि ‘ड’ काम झाल्यावर वर्षभराने नाहीसे करावयाचे. आलेल्या प्रत्येक पत्राची नोंद लिपिकाच्या कार्यविवरण पंजीत होते, आणि दर आठवड्याला किती आले, किती निघाले, किती उरले याचा गोषवारा वरिष्ठांपुढे ठेवावा लागतो.

ही पद्धत कागदावर पुष्कळ ठिकाणी असते, टेबलावर मात्र सर्वत्र नसते. म्हणूनच महाराष्ट्राच्या प्रशासनात तिचे पुनरुज्जीवन वेळोवेळी करावे लागले. १९८०च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी तेथील कार्यालयाची घडी नव्याने बसविली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून देशभर गाजली. आणि अलीकडे पुणे विभागाचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ या नावाने जी मोहीम राबविली तिचा पायाही हे सहा गठ्ठेच होते. ज्यांना या मोहिमांत काम करावे लागले अशा माणसांशी बोलताना एक गोष्ट पुनःपुन्हा ऐकू येते: पहिले कष्ट कपाटे रिकामी करण्याचे होते. वर्षानुवर्षे न पाहिलेल्या ढिगातून निघालेले बहुतेक कागद ‘ड’ वर्गाचे ठरत, आणि त्यांच्या खाली दडपलेला एखादा कागद असा निघे की ज्याच्यासाठी कोणा वृद्धेने वर्षभर हेलपाटे घातलेले असत.

सहा गठ्ठ्यांपैकी घरी अथवा स्वतःच्या वहीत सर्वांत कमी दिसणारा गठ्ठा दुसरा होय. आपण काय करायचे याच्या याद्या पुष्कळजण करतात. कोणाकडून काय यायचे आहे याची यादी क्वचित कोणी ठेवतो. मिस्त्रीला दिलेली आगाऊ रक्कम, भाच्याकडून यायची शाळेची माहिती, दवाखान्याने नंतर देतो म्हटलेला अहवाल, ही कामे आपल्या हातची नसल्यामुळे यादीत बसत नाहीत, आणि यादीत नसल्यामुळे डोक्यात घोळत राहतात. लिपिक मात्र प्रतीक्षाधीन नोंदीसमोर तारीख घालतो, त्या तारखेला स्मरणपत्र काढतो, आणि तोवर त्या प्रकरणाचा विचार करीत नाही. हे ‘तोवर विचार करीत नाही’ फार मोलाचे आहे. अमेरिकेत डेव्हिड अ‍ॅलन यांचे या विषयावरचे जे पुस्तक २००१ साली निघाले आणि जगभर खपले, त्यातही दुसऱ्यांवर अवलंबून असलेल्या गोष्टींची स्वतंत्र यादी ठेवण्यास सांगितले आहे. आपल्या तहसील कचेरीतला जुना अव्वल कारकून ते वाचून आश्चर्यचकित झाला असता असे वाटत नाही.

अपुरे काम असे डोक्यात घोळत राहते, याची दोन टोके मनोविज्ञानाने पाहिली आहेत. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मध्येच थांबविलेली कामे माणसांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात असे आढळले. नंतरच्या प्रयोगांतून तो निष्कर्ष प्रत्येक वेळी तितकाच ठाम निघाला नाही, परंतु अपुऱ्या कामाची टोचणी ही गोष्ट कोणालाच अपरिचित नाही. दुसरे टोक २०११ सालचे आहे: मासिकाम्पो आणि बॉमिस्टर या संशोधकांनी दाखविले की काम पूर्ण न करताही, ते केव्हा आणि कसे करणार याचा निश्चित बेत केला तर ती टोचणी मनाच्या इतर व्यापारांत लुडबूड करीनाशी होते. नुसते ‘करणे’ असे लिहून हे साधत नाही. त्यापुढे वार, वेळ आणि पहिली कृती लागते. कालनिर्णयावरच्या ‘कौले / पत्रा — विचारणे’ या नोंदीत ‘विचारणे’ हा शब्द होता, आणि ती दोन पर्याय मांडून एका विशिष्ट तारखेच्या चौकटीत बसली होती. तिच्यात या संशोधनाचे सार आले आहे.

येथवर कामांचा विचार झाला. विचारांची, कल्पनांची व्यवस्था निराळी असते, कारण कामाला शेवट असतो आणि कल्पनेला नसतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची आणि पेट्यांतली दफ्तरे धुंडाळून कागद गोळा करीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि एकूण संख्या २२ पर्यंत गेली. परंतु त्यांची धातूंची आणि व्युत्पत्तीची टिपणे ग्रंथरूप होण्यापूर्वीच ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचा मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली १९३७ साली प्रसिद्ध केला. एका माणसाने स्वतःच्या उपयोगासाठी केलेली टिपणे दुसऱ्याला लावता आली, ही गोष्ट माझ्या मते त्या टिपणांची मोठी कसोटी आहे. आपल्यापैकी कितीजणांची वही आपल्यालाच सहा महिन्यांनी लागते? ‘त्या पुस्तकातला मुद्दा पाहणे’ असे लिहिलेले असते. कोणते पुस्तक, कोणता मुद्दा, आणि तो का महत्त्वाचा वाटला, हे त्या क्षणी इतके उघड असते की लिहावेसे वाटत नाही, आणि पुढे ते कोणालाच सांगता येत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे जे काम आरंभिले त्यात ही काळजी पराकोटीला नेलेली दिसते. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचण्यास जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीच्या घरात गेली. आणि कोशाचा पहिला भाग १९७६ साली बाहेर पडला. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचा नेमका संदर्भ: चिठ्ठी आपल्या खणातून निघून दुसऱ्याच्या हाती गेली तरी तिला बोलता आले पाहिजे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनी एकट्याने सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह केला, त्याची कीर्ती अलीकडे फार झाली आहे, आणि त्यांच्या क्रमांक घालण्याच्या युक्तीचे अनुकरण करणारे जगभर आहेत. त्यांची खरी रीत मला निराळ्याच ठिकाणी दिसते. वाचताना ते अगदी त्रोटक टिपण करीत, आणि नंतर त्या टिपणावरून, आपल्या संग्रहातल्या कोणत्या चिठ्ठीशी याचा संबंध येतो हे पाहून, नवी चिठ्ठी स्वतःच्या वाक्यांत लिहीत. पुन्हा तेच दुसरे लेखन. सरदेसायांची रियासतही अशीच जन्मली. बडोद्यास राजपुत्रांना शिकविण्यासाठी जमविलेली टिपणे पुन्हा लिहिता लिहिता ग्रंथ झाली.

चामटोलीतल्या तरुण मंडळींकडे या सर्वांच्या जागी भ्रमणध्वनी आहे. लोकलच्या दारात उभ्याने, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवून ठेवतात: कोणाचा नंबर, कोणत्या जाहिरातीचे छायाचित्र, आईने आणायला सांगितलेल्या औषधाचे नाव. या सोयीला नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्याला पहाटे घर सोडून रात्री परतायचे आहे त्याच्यापाशी वही उघडून बसण्याची उसंत नसते, आणि खिशातली कच्ची वही इतकी हाताशी कधीच कोणाला मिळाली नव्हती. पुराच्या पाण्यात गेलेली ट्रंक कागद परत देत नाही. दूरच्या संगणकावर ठेवलेली नोंद परत मिळते, हाही या नदीकाठच्या माणसांना मोठा दिलासा आहे. उणीव आहे ती पक्क्या वहीची. यंत्रात काहीही पुसावे लागत नाही, जागा संपत नाही, नवे वर्ष उजाडले म्हणून काही उतरवून घ्यावे लागत नाही, आणि म्हणून निर्णय करण्याचा प्रसंगच येत नाही. ढीग वाढतो, दिसत मात्र नाही. सातवा गठ्ठा तो हाच. ज्यांनी आठवड्यातला एक वार नेमून हे संदेश वाचून काढण्याचा नेम केला आहे त्यांचे काम यंत्रावरही उत्तम चालते, आणि ज्यांनी केला नाही त्यांना चामड्याच्या पुठ्ठ्याची महाग दैनंदिनी देऊनही फरक पडत नाही.

या नेमाचा सर्वांत काटेकोर नमुना मला मिळाला तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, दिवसा कारखान्यात जाणाऱ्या एका मुलाकडे. त्याच्या दोन वह्या होत्या. सराव परीक्षेत चुकलेला प्रत्येक प्रश्न पहिलीत, तारखेसह, भराभर लिहिलेला. दर रविवारी तो ती उघडी, उत्तरे झाकून प्रश्न पुन्हा सोडवी, जे आता आले त्यांवर काट मारी, आणि जे अजूनही चुकले तेवढेच दुसऱ्या वहीत उतरवून घेई, आणि त्यापुढे आपण का चुकलो ते एका ओळीत लिही: ‘दोन समित्यांची सांगड उलट’, ‘प्रश्न नीट वाचला नाही’, ‘खोरे माहीत, उपनदी नाही’. महिन्याच्या शेवटी दुसरी वहीही तशीच गाळली जाई. तिच्यातले काही प्रश्न मात्र तिसऱ्यांदा उतरवलेले दिसले, आणि त्यांच्याभोवती चौकट केलेली होती. ती कशाची, म्हणून विचारले.

“तीनदा उतरवूनही चुकतोय म्हणजे मी ते विसरत नाहीये काका,” तो म्हणाला. “मला ते कळलेलंच नाहीये. मग ते वहीत ठेवण्यात अर्थ नाही. ते पुस्तक पहिल्यापासून काढतो, नाही तर कुणाला तरी जाऊन विचारतो. आता गोदावरीचं खोरं चाललंय.”